मोटारीसाठी मोकळं ठेवलेलं दार

दारात रांगोळी केवढी काढावी, या विषयात मी कधीच पडलो नव्हतो. (आमच्या घरातल्या बहुतेक विषयांत मी पडत नाही. पडलो तर उठवायला कुणी येत नाही.) पण सन तेहेतीसच्या रथसप्तमीला, ऑफिसला निघता निघता मी बायकोला म्हणालो, "उद्यापासून रांगोळी रोज अशीच मोठी काढ." एवढंच बोललो. हे वाक्य मी त्या दिवशी गिळलं असतं, तर आज हेडक्लार्कच्या खुर्चीवर बसून तुम्हांला काहीतरी वेगळंच सांगत असतो.

सगळ्याचं मूळ होतं रुद्रप्पांची मोटार. रुद्रप्पा हे आमच्या गल्लीतले चादरींचे व्यापारी. माणूस मनानं राजा. त्यांनी दसऱ्याला मोटार घेतली, याबद्दल माझं काही म्हणणं नव्हतं. पण सोलापुरातली आमची गल्ली सात रस्ता चौकाच्या अंगानं आत शिरताना बरी ऐसपैस असते, नऊ नंबरच्या घरापाशी तिला दम लागतो, आणि पुढं ती इतकी अरुंद होते की दोन माणसं शेजारीशेजारी चालली तर भांडण व्हावं. रुद्रप्पांचं घर त्या अरुंद टोकाला. नऊ नंबर माझा. तेव्हा मोटार रुद्रप्पांची आणि दार माझं, अशी वाटणी आपोआप झाली.

दारात मोटार उभी राहू लागल्यापासून आम्हांला सोप्यात दिवसा कंदील लावावा लागे. बाहेर पडायचं तर पोट आत ओढून, भिंतीला पाठ घासत सरकायचं. एकदा तर माझ्या धोतराचा सोगा मोटारीच्या कडीत अडकला, आणि ते मला मोटार सुरू झाल्यावर कळलं. (सात रस्त्यापर्यंत मी मोटारीच्या बरोबरीनं पळालो. लोकांना वाटलं, मी रुद्रप्पांना काहीतरी महत्त्वाचं सांगतोय.)

मी रुद्रप्पांना सांगून पाहिलं.

"अप्पा, मोटारीचं जरा बघा की."

"काय बघायचं? सकाळीच धुतलीया."

"तसं नव्हे. माझ्या दारात असते ती."

"मग असू द्या की. आपण काय परके हाव? तुमाला कुटं जायाचं आसंल तर बिनघोर बसा."

आता यावर माणसानं काय बोलायचं? मला कुठं जायचं नव्हतं. मला फक्त माझ्या घरातून बाहेर पडायचं होतं.

अशात रथसप्तमी आली. आमच्या घरात त्या दिवशी सूर्याचा रथ काढतात, सात घोड्यांचा. बायकोचा हात सढळ, त्यामुळं घोडे पार रस्त्याच्या मध्यापर्यंत गेले. तेवढ्यात मोटार आली आणि पहिल्या घोड्याच्या चार हात अलीकडे गपकन थांबली. रुद्रप्पांचा ड्रायव्हर दस्तगीर खाली उतरला, रांगोळी बघितली, टोपी मागं सारली आणि मोटार उलटी घेऊन समोरच्या काशम्मांच्या दारात लावली.

मी विचारलं, "का रे दस्तगीर?"

"नक्को साब. मालकिन बोली, रांगोली पो चाक गया तो तू घर कू जा. नौकरी जातै ना."

मालकीण म्हणजे रुद्रप्पांच्या नीलम्मा. कुणाच्या दारातली रांगोळी मोटारीनं मोडली तर लक्ष्मी मोटारीखाली सापडते, असं त्यांचं मत होतं. मी मनात म्हटलं, जे माझ्या चार महिन्यांच्या बोलण्यानं झालं नाही, ते चिमूटभर पांढऱ्या भुकटीनं झालं. आणि त्याच क्षणी मी बायकोला ते वाक्य बोललो.

दुसऱ्या दिवशी मोटार पुन्हा काशम्मांच्या दारात. तिसऱ्या दिवशी काशम्मांनी आमच्याहून हातभर मोठी रांगोळी घातली. मोटार सरकून अकरा नंबरपाशी गेली. चौथ्या दिवशी अकरा नंबरनं कमळं काढली, पाचव्या दिवशी सात नंबरनं मोर. गल्लीतल्या बायकांना मोटार हे निमित्त झालं. पुढं पुढं मोटारीचा कुणाला विचारही उरला नाही, फक्त काशम्मांच्या कमळाला पाकळ्या किती आणि आमच्या हिच्या कमळाला किती, एवढाच प्रश्न उरला. आठ दिवसांत गल्ली या टोकापासून त्या टोकापर्यंत भरून गेली. आम्ही पुरुष मंडळी गटाराच्या कडेनं एकामागं एक चालू लागलो. मोटार गल्लीच्या तोंडाशी, पिठाच्या गिरणीजवळ लिंबाखाली उभी राहू लागली, आणि रुद्रप्पा तिथपर्यंत पायी जाऊ लागले.

"प्रकृतीला बरं असतंय की," असं तेच मला म्हणाले. रागावले असते तर मला जास्त बरं वाटलं असतं.

आता आमच्या म्युनिसिपालिटीच्या कचेरीचं सांगतो. आमच्या कचेरीत त्या महिन्यात दोन गोष्टी चालल्या होत्या. एक म्हणजे आमचे म्हातारे हेडक्लार्क पेन्शनीत निघाले होते, आणि त्यांच्या जागेला दोनच नावं होती, एक माझं आणि एक कुंडलिकचं. कुंडलिक माझ्या शेजारच्या टेबलावर बसे. अक्षर मोत्यासारखं आणि बोलणं कमी, म्हणजे वरच्या जागेला लागणारे दोन्ही गुण त्याच्यात होते. माझं अक्षर मला लागतं, एवढंच मी सांगू शकेन.

दुसरी गोष्ट, शहरात मोटारी वाढल्या होत्या (एकंदर किती ते कुणी मोजलं नव्हतं, पण तक्रारी मात्र भरपूर होत्या), म्हणून गल्लीबोळांत मोटार उभी करायला बंदी घालावी काय, यावर रहिवाशांची मतं मागवायची होती. साहेबांनी आम्हां दोघांना बोलावून विचारलं, हे काम कसं करावं.

कुंडलिक म्हणाला, "घरोघर जाऊन विचारावं लागेल."

मी म्हणालो, "साहेब, आमच्या गल्लीत बंदी झालीसुद्धा. कायदा नाही, दंड नाही, पोलीस नाही. रहिवाशांनी आपण होऊन केली. कल्पना माझी."

साहेबांनी चष्मा काढला. ते चष्मा काढतात तेव्हा खूश असतात. "असं? मग गुरुवारी सकाळी आठला मीच येतो. गल्ली बघतो, लोकांची मतं समक्ष ऐकतो. तुम्ही म्हणता तसं असेल, तर महिपतराव, त्या जागेसाठी मला पुढं विचार करायचं कारण उरणार नाही."

मी तरंगतच टेबलावर आलो. कुंडलिक टाक पुसत बसला.

संध्याकाळी घरी येताना माझ्या ध्यानात आलं की साहेबांचे दोन्ही गुडघे धरलेले आहेत. कचेरीच्या दारात मोटारीतून उतरून खुर्चीपर्यंत जाताना ते दोनदा थांबतात. ते गिरणीपासून माझ्या घरापर्यंत गटाराच्या कडेनं कसे येणार? त्यांची मोटार माझ्या दाराशी आलीच पाहिजे. म्हणजे गुरुवारी सकाळी माझ्या दारापुढं रांगोळी असता कामा नये. साहेबांच्या ड्रायव्हरला नीलम्मांची धास्ती नव्हती, इतरांच्या रांगोळ्यांच्या कडेकडेनं तो मोटार आणू शकत होता; अडचण फक्त माझ्याच दाराची होती. मोटारबंदी बघायला साहेब मोटारीतून यावेत आणि त्यासाठी मी वाट करून द्यावी, यात मला तेव्हा काहीच विचित्र वाटलं नाही. (कचेरीत बारा वर्षं काढली की असं होतं.)

बुधवारी जेवताना मी बायकोला म्हणालो, "उद्या रांगोळी काढू नको. सडाही नको, चिखल होतो."

तिनं वाढता वाढता हात थांबवला. "सडा न्हाय, रांगोळी न्हाय, असलं दार कुणाचं असतंय ठावं हाय की न्हाय तुमास्नी?"

"एका दिवसानं काय होतंय?"

"सुतकातल्या घराचं असतंय."

"साहेबांची मोटार थांबायची आहे. हेडक्लार्कच्या जागेचा प्रश्न आहे."

"मग मोटार कडंला लावा म्हनावं. दार मोकळं ठिवू नगा. लोक काय म्हनतील?"

"लोकांचं मत घ्यायलाच साहेब येताहेत," मी म्हणालो. हे उत्तर मला फार चोख वाटलं. तिनं भाकरी माझ्या ताटात टाकली आणि पुढं एक अक्षर बोलली नाही. ती बोलायची थांबली की मी जिंकलो असं समजायची मला सवय आहे.

गुरुवारी दिवस उजाडताच न्हावी परसात येऊन बसला. साहेब येणार म्हणून मी त्याला मुद्दाम बोलावलं होतं. तो दाढी करत होता आणि मी त्याला मोटारबंदीचं धोरण समजावून सांगत होतो. गल्लीचं टोक दाखवायला मी मान वळवली, आणि माझ्या डाव्या मिशीचा अर्धा भाग परसात पडला.

न्हावी म्हणाला, "मालक, तुमी बोलत व्हता."

ते खरंच होतं. उरलेली दीड मिशी ठेवून साहेबांपुढं जाणं शक्य नव्हतं. आणि सगळी काढावी तर आमच्याकडं मिशी एकदाच उतरवतात, बाप गेल्यावर. बाप जिवंत असताना जो उतरवतो, त्याला लोक बापासमोर उभं करून विचारतात. पण तात्या, म्हणजे माझे वडील, चाळीसेक मैलांवर मोडनिंबला होते, आणि साहेब तासाभरात दारात येणार होते. मी म्हणालो, "काढ सगळी." आरशात पाहिलं तर अगदी पुण्याकडच्या वकिलासारखा दिसत होतो.

न्हावी गेला. बायको स्वयंपाकघरात साहेबांसाठी शिरा हलवत होती. साहेब आले का बघायला मी पुढच्या दारात आलो. समोर काशम्मा उभ्या होत्या. त्या एकदा मोकळ्या दाराकडं, एकदा माझ्या ओठाकडं बघत होत्या. मग त्यांनी डोक्यावरून पदर घेतला आणि हळू आवाजात विचारलं, "कधी झालं, महिपतराव?"

मला वाटलं, मिशीबद्दलच विचारताहेत. लाज वाटत होतीच.

"आत्ताच, तासही झाला नाही."

"अय्यो शिवने. काय झालं एकाएकी?"

"काय सांगू काशम्माक्का. आधी एक बाजू गेली."

"एक बाजू गेली..." त्यांनी पदर तोंडाला लावला. "मग?"

"मग दुसरी ठेवून काय करायचं? सगळंच गेलं."

"गावाकडं कळलंय का?"

"नाही, आणि कळू देऊ नका. आईला सोसायचं नाही."

त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्या मिशीवर काशम्मांचा एवढा जीव असेल, असं मला कधी वाटलं नव्हतं. मला थोडं बरंच वाटलं. मी आत डगला चढवायला गेलो.

डगल्याचं तिसरं बटण लावतोय तोवर बाहेर हंबरडा ऐकू आला. पाठोपाठ दुसरा. मी धावत सोप्यात आलो. ओट्यावर आणि ओट्याखाली गल्लीतले वीस-पंचवीस पुरुष टोप्या काढून बसले होते. बायका बाजूनं आत शिरत होत्या. रुद्रप्पा पुढं आले आणि त्यांनी मला पोटाशी धरलं.

"धीर धरा, महिपतराव. वडील कुणालाच जन्माला पुरत न्हाईत."

"कुणाचे वडील?"

"तुमचे की."

"तात्या?"

"तात्याच. गेले."

मी तिथंच ओट्यावर बसलो. मला वाटलं, मोडनिंबाहून तार आली असेल आणि ती आधी रुद्रप्पांच्या पेढीवर गेली असेल. गेल्या पोळ्याला तात्या मला म्हणाले होते, "यिऊन जा की चार दिस," आणि मी रजा शिल्लक नाही असं लिहून कळवलं होतं. रजा शिल्लक होती. ते एकदम आठवलं आणि मी पोरासारखा रडलो. साहेब, हेडक्लार्क, मोटार, काही डोक्यात उरलं नाही.

आतून बायको धावत आली. बायकांनी तिला बातमी दिली होती. ती रडत रडतच माझ्यावर कोसळली. "मी सांगत व्हते दार मोकळं ठिवू नगा. तुमीच मारलंत तात्यास्नी." मला ते पटलंसुद्धा.

रुद्रप्पांनी डोळे पुसले आणि दस्तगीरला हाक मारली. "गाडी आण हितं. महिपतरावांना मोडनिंबला न्यायचं."

दस्तगीर गल्लीच्या तोंडाशी गेला खरा, पण तिथंच घुटमळला. रांगोळ्या होत्या ना. तेव्हा काशम्मा उठल्या, त्यांनी खराटा घेतला आणि आपलं चौसष्ट पाकळ्यांचं कमळ एका झपाट्यात झाडून टाकलं. गल्लीत मयत झाल्यावर कुणाच्या दारात रांगोळी ठेवायची? अकरा नंबरची कमळं गेली, सात नंबरचे मोर गेले. पाच मिनिटांत सबंध गल्ली साफ झाली, आणि रुद्रप्पांची मोटार भोंगा न वाजवता हळूच आली ती माझ्या दाराला टेकली, चार महिने टेकत होती तिथंच.

आणि नेमके आठ वाजले.

साहेबांच्या मोटारीला पुढं यायला वाट नव्हती, कारण दारात मोटार उभी होती आणि अलीकडं गल्लीभर माणसं होती. ते गिरणीपाशी उतरले आणि काठी टेकत, चारदा थांबत, आले. त्यांनी गल्ली बघितली. रांगोळीचा एक ठिपका नव्हता. नऊ नंबरपुढं भलीमोठी मोटार होती आणि तिच्याभोवती पाऊणशे माणसं. त्यांचा चेहरा चढत चालला होता, तेवढ्यात रुद्रप्पांनी त्यांना बाजूला घेऊन सांगितलं. साहेबांनी हॅट काढली.

ते माझ्यापाशी आले, खांद्यावर हात ठेवला. मग आलोच आहोत तर काम करून जावं, असं त्यांना वाटलं असावं. त्यांनी दबक्या आवाजात लोकांना विचारलं, "मोटारी गल्लीत उभ्या करण्याबद्दल तुम्हां लोकांचं काय मत आहे?"

"पायजेत की, साहेब," अकरा नंबर म्हणाले. "आता बघा, मोटार दारात न्हसती तर हे बिचारं मोडनिंबला कवा पोचलं आसतं?"

"बापाचं तोंड दिसायचं भाग्य हाय," काशम्मा म्हणाल्या. "मोटार दारातच पाहिजे. बंदी बेडा."

"बेडा, नको," सात नंबरनं साहेबांसाठी अर्थ सांगितला.

एक माणूस उलट बोलला नाही. सबंध गल्लीचं एकमत झालं. साहेबांनी वहीत काहीतरी टिपलं आणि मला म्हणाले, "महिपतराव, दहा दिवस रजा घ्या. हेडक्लार्कचं काम तोवर कुंडलिक बघतील. तुम्ही मनाला लावून घेऊ नका."

मी मान हलवली. (आभारसुद्धा मानले.)

मोटारीत दस्तगीरशेजारी काशम्मांचे यजमान बसले आणि मागं रुद्रप्पा आणि मी. बायकोला उद्याच्या गाडीनं आणायचं ठरलं. मोटार निघाली. मोहोळच्या पुढं मी डोळे पुसून विचारलं, "अप्पा, तार किती वाजता आली?"

"कसली तार?"

"तात्यांची."

रुद्रप्पा माझ्याकडं बघत राहिले. "तार तुमाला आली न्हवं?"

"मला कुठं आली? तुम्ही मला सांगितलंत."

"मला हेंनी सांगिटलं," असं म्हणून त्यांनी पुढं बोट केलं. काशम्मांचे यजमान मान न वळवता म्हणाले, "मला आमच्या घरातनं कळलं."

"मग त्यांना कुणी सांगितलं?"

मला एक बाजू, दुसरी बाजू, गावाकडं कळू देऊ नका, सगळं ओळीनं आठवत गेलं.

"मीच," मी म्हणालो.

रुद्रप्पांनी बराच वेळ खिडकीबाहेर ज्वारी बघितली. "आता अर्ध्याहून जास्त आलोय," ते शेवटी म्हणाले. "बघून तरी जाऊ."

तात्या गोठ्यापुढं बैलांना कडबा टाकत होते. दारात मोटार, मोटारीतून बोडक्या डोक्यांची दोन मोठी माणसं आणि मागं बिनमिशीचा मुलगा, हे बघून त्यांच्या हातातली पेंढी खाली पडली.

"कोण गेलं रं?"

रुद्रप्पा सरळ माणूस. ते म्हणाले, "तुमी."

तात्यांनी त्यावर थोडा विचार केला. "मला न्हाय कुनी सांगितलं," ते म्हणाले.

मी त्यांच्या पाया पडलो आणि पुन्हा रडलो. या वेळी आनंदानं. तात्यांनी मला उठवलं, हनुवटी धरून तोंड उजेडाकडं वळवलं आणि विचारलं, "मिशी?"

मी सगळं सांगितलं. रांगोळी, साहेब, न्हावी. त्यांनी मध्येच थांबवलं नाही, ते फार वाईट लक्षण असतं. मग रुद्रप्पांना बसवून घेतलं, हुरडा भाजला, चटणी-दही दिलं, दस्तगीरला आग्रह करकरून खाऊ घातलं, आणि निघताना मोटारीत हुरड्याची कणसं भरली. मीही मोटारीकडं वळलो. माझ्या डोक्यात आता हेडक्लार्कची खुर्ची परत आली होती. बारा वाजेपर्यंत कचेरीत पोचलो तर साहेबांना सांगता आलं असतं.

"तू कुटं?" तात्या म्हणाले.

"कचेरीत. जागेचा प्रश्न आहे, तात्या."

"मिशी यिउस्तवर उंबऱ्याभाईर पाय टाकायचा न्हाय. गावातली मानसं तुला बघून इचारतील, तुजा बा जोतीराम कवा गेला. मी का रोज चावडीवर जाऊन जिता हाय म्हनून सांगत बसू व्हय?"

मोटार गेली. मी आत बसलो. कचेरीला पत्र लिहायला घेतलं, पण त्यात लिहायचं काय? 'रजेचे कारण सुखरूप असून गोठ्यात बैलांना पाणी पाजत आहे', याच्या पुढं मला जाता येईना. रोज सकाळी तात्या माझा ओठ बघत आणि "अजून न्हाय" म्हणत. कोवळ्या ज्वारीकडंसुद्धा ते इतकं बारकाईनं बघत नसत. दहा दिवसांचे पंचवीस झाले. आई मात्र खूश होती. एवढे दिवस मी घरी कधी राहिलो नव्हतो.

सव्विसाव्या दिवशी उतारू नेणाऱ्या सर्व्हिस मोटारीनं सोलापुरात आलो. गल्लीत शिरलो तो मोटार कुठंच नव्हती, लिंबाखालीसुद्धा. प्रत्येक दारात बेताची रांगोळी आणि मधून चालायला चांगली वाट. आमचं दार तर इतकं उजेडाचं दिसत होतं की मी दोनदा नंबर बघितला.

"मोटार कुठं गेली?" मी बायकोला विचारलं.

"बंदी झाली न्हवं."

"गल्लीनं तर एकमतानं नको म्हटलं होतं."

"ते तवा. तुमास्नी मोडनिंबला नेल्यापास्नं रुद्रप्पांच्या मागं सगळी गल्ली लागली. कुनाला अक्कलकोटला जायाचं, कुनाची सून म्हायेरी पोचवायची. अकरा नंबरनं तर रेडकू आजारी पडलं म्हनून मोटार मागितली. दारात मोटार दिसली की मानूस मागतंयच. शेवटी रुद्रप्पाच म्हनले, बंदी करा, मोटार पेढीवर ठिवतो, तितं कुनी येत न्हाय. मग नवीन हेडक्लार्क आले, कुंडलिकराव. घरोघर बसून समद्यांचं मत इचारून गेले."

"त्यांची मोटार कुठं लावली?"

"ते चालत आले व्हते," ती म्हणाली.

मी पायातल्या वहाणा काढल्या. मग विचारलं, "आपल्या घराचं मत कुणी सांगितलं?"

"मी. दुसरं कोन हाय घरात?"

"काय सांगितलंस?"

"डाळ लागंल खाली," असं म्हणून ती आत गेली.

दुसऱ्या दिवशी कचेरीत हजर झालो. कुंडलिक, म्हणजे कुंडलिकराव, मोठ्या खुर्चीवर बसले होते. त्यांनी वडिलांची प्रकृती विचारली, अगदी गंभीरपणे, आणि मोटारबंदीचा रिपोर्ट माझ्यापुढं ठेवला. स्वच्छ नकला काढायचं काम माझ्या टेबलाचं. मी वाचत गेलो. घर नंबर सात, मत अनुकूल. घर नंबर आठ, अनुकूल. पुढची ओळ त्या मोत्यासारख्या अक्षरात अशी होती: 'घर नंबर नऊ. घरमालक परगावी. त्यांचे मत घेऊ नये, कारण आजवर जे झाले ते त्यांच्याच मताने झाले, असे त्यांच्या पत्नीचे मत. या मताशी गल्लीतील सर्व रहिवासी सहमत आहेत.'

"कुंडलिकराव," मी म्हणालो, "ही नऊ नंबरची ओळ..."

"का, अक्षर लागत नाही?"

"लागतं."

"मग तीन प्रती काढा. आणि ती ओळ जरा ठळक येऊ द्या, साहेबांनी मुद्दाम सांगितलंय."

मी टाक दौतीत बुडवला आणि पहिली प्रत लिहायला घेतली.